डाव्या कडेचे डच्चूसाहेब

आमच्या वर्क्स मॅनेजरांनी डच्चूसाहेबांना पहिल्यांदा घरी चहाला बोलावलं, तेव्हा त्यांनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि मॅनेजरांच्या बायकोला शांतपणे सांगितलं, "चहा वाईट आहे वं बाई."

बाई पुण्याच्या. त्यांना 'वं' म्हणून जन्मात कोणी हाक मारली नव्हती, आणि चहा वाईट असल्याचं तर बहुधा नवऱ्यानंही कधी सांगितलं नसावं. मी दुभाषी म्हणून शेजारी बसलो होतो. माझ्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते वाक्य मीच पाठ करून घेतलं होतं. मॅनेजर खिडकीबाहेर बघायला लागले. डच्चूसाहेबांना मात्र काही घडल्याचा पत्ताच नव्हता.

"पत्ती जुनी असन," ते म्हणाले. "दुसरी घ्या. बिस्कीट चांगलं आहे."

चहा खरंच वाईट होता. पण असं कोणी बोलतं का? त्या माणसाच्या सहवासात मी तीनेक वर्षं काढली आणि त्यातला बराचसा काळ मी हबकलेल्या अवस्थेतच होतो.

त्यांचं खरं नाव लांबलचक होतं आणि त्यात मधेच घसा खाकरल्यासारखा एक आवाज यायचा. तो आमच्यापैकी कोणालाच जमला नाही. हॉलंडचे म्हणून डच, आणि डचचं कामगारांनी डच्चू केलं. आदरासाठी पुढे साहेब लावलं. नंतर कोणीतरी त्यांना सांगितलं की मराठीत एखाद्याला टीममधून काढलं किंवा मुलीनं नकार दिला की त्याला डच्चू मिळाला असं म्हणतात. ते ऐकून ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. "मग बरोबर नाव ठेवलं तुमी," ते म्हणाले. "मले लय मिळाला." 

सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते आणि शेडच्या मागे गुरं चरायची. आमचा कारखाना पंपांचा. एका डच कंपनीशी करार झाला होता आणि त्यांची मशिनं बसवून, आमच्या लोकांना शिकवून द्यायला हा माणूस वर्षभरासाठी आला होता. वर्षाची मुदत वाढत गेली. मी नुकताच डिप्लोमा करून लागलो होतो. इंग्रजी बरं होतं आणि राहायला शहरात सदरला होतो. त्यांनाही सदरलाच एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेऊन दिला होता, म्हणून मला त्यांच्या गळ्यात बांधलं.

वय छत्तीस-सदतीस. बुटका, पिंढऱ्या दगडासारख्या, केस पिवळे. लग्न झालेलं नव्हतं. सकाळी ते पावाला लोणी लावायचे आणि त्यावर पानाच्या ठेल्यावर मिळते ती रंगीत साखरेची बडीशेप पसरून खायचे. आमच्याकडे मूल झालं की असंच खातात, म्हणाले. कोणाला मूल झालं, असं मी विचारलं. "कोणाले तरी होतच असन," ते म्हणाले.

मग मोटरसायकल काढायचे. मी मागे. अंबाझरीच्या बाजूनं हिंगण्यापर्यंतचा तो रस्ता ते भन्नाट वेगानं कापायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक काम सांगितलं होतं. डावीकडून गाडी, बैल, माणूस, काहीही आलं तर त्यांच्या डाव्या मांडीवर थाप मारायची. त्यांच्या देशात रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात हे मला माहीत होतं. म्हटलं, सवय नसेल. मी इमानानं थापा मारत राहिलो.

त्यांच्या दोन खोडींमुळे लोक त्यांना गर्विष्ठ समजायचे. एक म्हणजे कोणाशी बोलताना मान डावीकडे वळवून, कोंबड्यासारखं एका बाजूनं बघणं. दुसरी खोड खुर्चीची. कुठल्याही टेबलाशी त्यांना डाव्या टोकाची खुर्ची लागायची. तिथं दुसरं कोणी बसलेलं असेल तर सरळ उठवायचे. कंपनीचे चेअरमन मुंबईहून आले होते, तेव्हा जेवणाच्या टेबलाशी ते नेमके त्याच खुर्चीत बसले. डच्चूसाहेब त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडे बसा."

चेअरमन उठले. का उठले ते त्यांनाही कळलं नसेल. ताट हातात घेऊन ते दुसऱ्या टोकाला गेले आणि डच्चूसाहेब जेवायला बसले.

मराठी ते कामगारांकडून शिकले, त्यातही सुखदेवकडून. सुखदेव मेश्राम ग्राइंडरवर होता. इंदोरा वस्तीत राहायचा. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हा शाळकरी पोरगा होता, आणि घरातून मॅट्रिक झालेला पहिलाच. कमी बोलायचा. पण मशीनवर काम करता करता त्यानं साहेबांना आमची बोली अशी काही शिकवली की मॅनेजरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ते 'अरे'सारखं 'गा' म्हणायचे. मी मॅनेजरांना समजावून सांगायचो की ते अपमान करत नाहीत. मॅनेजर म्हणायचे, मग काय करतात?

सुखदेव कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये राइट बॅक होता. डच्चूसाहेब एके दिवशी संध्याकाळी शेडमागच्या मैदानावर येऊन उभे राहिले, बराच वेळ पाहत राहिले आणि मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डाव्या कडेला लेफ्ट आउटच्या जागेवर जाऊन थांबले. कोणी बोलावलं नव्हतं. बॉल त्यांच्याकडे गेला आणि पुढच्या क्षणी ते सुखदेवच्या पलीकडे होते. सुखदेवनं मागे वळून पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "गेलं कसं हे?" तो म्हणाला.

नंतर कळलं की ते आपल्या देशात दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये दहा-बारा वर्षं खेळलेले होते. गाव लहान, क्लब लहान. दिवसा कारखाना, संध्याकाळी सराव, रविवारी मॅच. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. पण डाव्या कडेची चुन्याची रेघ आणि ते, यांचं काहीतरी होतं. ते तिच्या इतके जवळून पळायचे की चुना उडायचा. "रेघेवर भरोसा ठेव," ते पोरांना सांगायचे. "ती मधात येत नाही, पाय घालत नाही. एक बाजू तिच्यावर सोडून दे."

रोज संध्याकाळी सुखदेवनं त्यांना अडवायचं आणि त्यांनी त्याला चकवायचं, असं वर्षभर चाललं. मग सुखदेवला ते जमायला लागलं. ज्या दिवशी त्यानं त्यांच्या पायातून बॉल स्वच्छ काढून घेतला, त्या दिवशी डच्चूसाहेबांनी त्याला उचलून घेतलं आणि त्याच्याच घरी जेवायला गेले. पुढे दर रविवारचं जेवण इंदोऱ्यात ठरून गेलं. जमिनीवर मांडी घालून, सुखदेवची बायको विमल हिच्या हातची भाकर आणि तिखट रस्सा. ऑफिसातल्या काही मंडळींना ते फार खटकलं. परदेशी साहेबानं जेवायला जावं अशी घरं गावात दुसरी नव्हती का, असं एकानं मला विचारलं. मी ते डच्चूसाहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्या माणसाच्या टेबलाशी जाऊन काय बोलले असते, या कल्पनेनंच मला घाम फुटला.

कारखान्या-कारखान्यांची स्पर्धा होती, तिच्या उपांत्य सामन्याला आम्ही पोचलो. वर्क्स मॅनेजर टीमचेही मॅनेजर होते आणि त्यांनी ती स्पर्धा फार मनावर घेतली होती. सदरच्या मैदानावर मॅच. कडेला खुर्च्या, त्यावर अधिकारी आणि त्यांच्या बायका, मागे कामगार. मध्यांतराला बरोबरी होती. डच्चूसाहेबांनी डावीकडून समोरच्यांची दमछाक केली होती. पण आमच्या राइट आउटचा पाय मुरगळला. राखीव पोरगा होता तो डाव्या पायाचा.

मॅनेजर म्हणाले, "हा डावीकडे खेळेल. साहेब, तुम्ही उजवीकडे जा."

"नाही."

"का?"

"मी उजवीकडे खेळत नाही."

"तुम्ही पैसे घेऊन खेळलेले माणूस. तुम्हाला डावं-उजवं काय?"

डच्चूसाहेब गप्प राहिले. अशा वेळी ते गप्प राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. पोरं त्यांच्याकडे बघत होती. सुखदेव म्हणाला, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे साहेब. जा ना."

ते गेले.

त्यानंतर जे झालं ते पाहताना मला शरम वाटत होती. पास दिलेला बॉल त्यांच्या कानावर आदळला. दुसरा त्यांच्या डावीकडून दोन हातांवरून निघून गेला आणि ते पुढेच बघत राहिले. लोक हसायला लागले. कामगार आधी हसले नाहीत, मग तेही हसले. मग समोरच्या टीमचा एक पोरगा डावीकडून बॉल घेऊन येत होता आणि डच्चूसाहेब त्याच क्षणी गर्रकन त्या बाजूला वळले. त्यांचं डोकं त्याच्या तोंडावर बसलं. पोरगा खाली कोसळला आणि हललाच नाही. नाकातोंडातून रक्त. सगळे धावले. जाणूनबुजून मारलं, असं कोणीतरी ओरडलं.

पोरगा थोड्या वेळानं शुद्धीवर आला. तोपर्यंत डच्चूसाहेब त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसले होते. त्यानं डोळे उघडल्यावर ते उठले, बूट काढले आणि मॅच चालू असताना अनवाणी मैदानाबाहेर निघून गेले. आम्ही हरलो. मॅनेजर साहेबांच्या रिकाम्या बुटांकडे बघून म्हणाले, "भित्रा माणूस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी संतापून त्यांच्या खोलीवर गेलो. ते पावाला लोणी लावत होते.

मी काही बोलायच्या आधीच ते इंग्रजीत म्हणाले, "माझ्या डाव्या बाजूला उभा राहा." एरवी ते माझ्याशी आमच्याच बोलीत बोलायचे, म्हणून मी चमकलो. "आता मला थोबाडीत मारायला हात उचल. जोरात आण. लागायच्या आत थांबव."

मला काही कळेना. पण राग होताच, मी हात उचलला आणि जोरात आणला. माझा तळहात त्यांच्या डोळ्यापासून चार बोटांवर येऊन थांबला. त्यांची पापणीही हलली नाही. ते समोर भिंतीकडे बघत पावाला लोणी लावत होते.

"मारलंस का?" त्यांनी विचारलं.

मी खाटेवर बसलो. मान वळवून बघणं, डाव्या टोकाची खुर्ची, कडेची रेघ, हे सगळं माझ्या डोक्यात उलगडत गेलं आणि मग एकदम मला हिंगण्याचा रस्ता आठवला.

"दोन वर्षं," मी म्हणालो, "दोन वर्षं मी तुमच्या मागे बसतोय."

"म्हणून तर तुला बसवलं," ते म्हणाले.

त्या सकाळी ते जे बोलले, ते सगळं इंग्रजीत. महायुद्ध संपलं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. सैनिक निघून गेले आणि शेतात काडतुसं पडून राहिली. वडील दूध घालायचं काम करत, कडक माणूस. शेतात जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. यांनी एक काडतूस दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचलं. जखम बारीकशी झाली. झाडाची फांदी लागली असं घरी सांगितलं. डोळा बाहेरून चांगला दिसायचा, पण आतून हळूहळू विझत गेला आणि एक दिवस तिथं काहीच उरलं नाही. खरं सांगायची तेव्हा हिंमत झाली नाही. मग डोळ्यांच्या तपासणीत उजव्यानं तक्ता पाठ करायचा आणि डाव्याच्या वेळी पाठ म्हणून दाखवायचा, हे जमवलं.

फुटबॉलमध्ये त्यांना एकच जागा होती. डाव्या कडेला उभं राहिलं की त्या बाजूला फक्त रेघ. सगळं मैदान उजव्या डोळ्यासमोर. तिथं ते कोणाच्या हाती लागत नसत. दर रविवारी वडील त्याच कडेला, पाऊस असो की बर्फ, कॉलर वर करून उभे असायचे. सगळ्या गावाला सांगायचे, माझा पोरगा.

आणि मग देशातल्या एका मोठ्या क्लबचं बोलावणं आलं. वडील स्वयंपाकघरात बसून रडले. त्या क्लबकडे लेफ्ट आउट होता, तो देशाकडून खेळणारा. यांनी राइट आउटला खेळावं, अशी अट होती.

"मी नाही म्हणालो," डच्चूसाहेब म्हणाले. "कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लहान क्लबनंही काढलं असतं. आणि बाबांना काडतुसाचं कळलं असतं."

"मग?"

"मग काय. वर्तमानपत्रानं भित्रा म्हटलं. जिच्याशी लग्न ठरलं होतं तिला मोठ्या शहरात जायचं होतं, ती गेली. बाबा रविवारी यायचे थांबले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. पंधरा वर्षं झाली असतील." त्यांनी पावावर बडीशेप पसरली. "सात वर्षांचा असताना एक खोटं बोललो. मग सगळं आयुष्य त्या खोट्याला सांभाळण्यात गेलं."

कोणाला सांगू नकोस, एवढंच ते शेवटी म्हणाले. मी सांगितलं नाही. सोमवारी पुन्हा त्यांच्या मागे बसलो. डाव्या मांडीवरच्या थापा मात्र मी जरा जोरात मारायला लागलो.

सुखदेवचा अपघात त्यानंतर चार-पाच महिन्यांनी झाला. ग्राइंडिंगचं चाक फुटलं आणि त्याचा तुकडा त्याच्या डोळ्यात गेला. डोळ्यावर चष्मा होता, पण काच तडकून दोन्ही आत गेलं. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा तो मशीनला धरून उभा होता आणि अगदी हळू आवाजात म्हणत होता, "मशीन बंद करा गा कोणी." डच्चूसाहेबांनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दुसरा डोळा वाचवला. डावा गेला.

तो घरी आल्यावर पंधरवड्यात कंपनीनं त्याचा हिशेब करून टाकायचं ठरवलं. वर्क्स मॅनेजर दुष्ट नव्हते. त्यांनी सुखदेवला गेटवर पहारेकऱ्याचं काम मिळतंय का ते आधी विचारून पाहिलं होतं. पण एका डोळ्याचा माणूस मशीनवर ठेवायचा नाही, यावर ते ठाम होते. उद्या त्याचा हात गेला तर जबाबदार कोण, असं ते म्हणायचे. विमल दोन दिवस गेटबाहेर येऊन बसली. कडेवर पोरगी. मला म्हणाली, "त्याईले काम येते भाऊ. डोळा गेला, काम थोडी गेलं?"

तिसऱ्या दिवशी डच्चूसाहेब मला म्हणाले, "चल." मॅनेजरांच्या केबिनमध्ये कंपनीचे डॉक्टरही बसले होते. केबिनची खिडकी शॉपच्या बाजूला उघडायची. आत शिरल्यावर त्यांनी आधी ती खिडकी सताड उघडली. जवळची मशिनं एकेक करून थांबली.

मॅनेजर इंग्रजीत बोलले. डच्चूसाहेबांनी उत्तर आमच्या बोलीत दिलं, खिडकीबाहेरच्यांना कळावं म्हणून.

"या कारखान्यातले मशीन कोणं बसवले?"

"तुम्ही," मॅनेजर म्हणाले.

"चांगले बसले?"

"उत्तम. त्याचा इथं काय संबंध?"

"शाफ्ट सरळ आहे? कुठं बोट गेलं माझं? हात गेला?"

"साहेब, तुमची गोष्ट वेगळी. तुम्हाला दोन डोळे आहेत."

डच्चूसाहेबांनी उजवा तळहात उचलून उजव्या डोळ्यावर ठेवला. "आता पाह्य," ते म्हणाले. "मले तू दिसून नाही राहिला. टेबल नाही, खिडकी नाही, काही नाही. तीस वर्षं झाले."

डॉक्टर उठले, खिशातली बॅटरी काढून त्यांच्या डाव्या डोळ्यावर उजेड टाकला, दोनदा टाकला आणि मग मॅनेजरांकडे पाहून मान हलवली. मॅनेजरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना ती मॅच आठवली असावी.

"त्याले मान वळवाले शिकवा लागते," डच्चूसाहेब हात खाली घेत म्हणाले. "अंतर शिकवा लागते. मी शिकवतो. मग परीक्षा घे. नापास झाला तर काढ. पण एक डोळा म्हणून काढशील, तर आधी मले काढ."

खिडकीबाहेर पन्नासेक माणसं उभी होती. मी भिंतीला टेकलो होतो. ज्या गोष्टीसाठी या माणसानं मोठा क्लब सोडला, बायको होणारी मुलगी सोडली, बाप सोडला, ती त्यानं उघड्या खिडकीत ठेवून दिली होती, पंपाच्या कारखान्यातल्या एका ग्राइंडरवाल्यासाठी.

दोन्ही गोष्टी झाल्या. सुखदेवला दोन महिन्यांची मुदत मिळाली, आणि डच्चूसाहेबांना त्यांच्या कंपनीनं परत बोलावलं. नोकरीला लागताना डोळ्याबद्दल खोटं सांगितलं होतं, ते त्यांच्याकडे चालण्यासारखं नव्हतं. ती दोन महिन्यांची मुदत संपली की त्यांनी निघायचं होतं.

पण सुखदेव येईना. मुदत सुरू झाली तरी तो घरातून बाहेर पडला नाही. डच्चूसाहेब आणि मी इंदोऱ्याला गेलो. तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता, पट्टी बांधलेली.

"मी मागतलं होतं का तुमाले?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "काहून सांगतलं? तुमची नोकरी गेली ना माह्यापायी. आता मी कोणत्या तोंडानं मशीनवर उभा राहू?"

"ज्या तोंडानं आहे त्याच तोंडानं," डच्चूसाहेब म्हणाले. "दोन महिने आहे आपल्यापाशी. तू चार दिवस घालवले."

"साऱ्या हिंगण्याले सांगतलं तुमी. तुमच्या बापाले सांगतलं काय?"

वडिलांची गोष्ट मी सुखदेवला सांगितली नव्हती. त्यांनीच कधीतरी जेवताना बाप बोलत नाही एवढं म्हटलं असेल. पण तो प्रश्न ऐकून डच्चूसाहेब खाली बसले. विमलनं पाणी आणून ठेवलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

सुखदेव भिंतीकडून वळला. त्याला आपण काय बोललो ते कळलं असावं. "येतो उद्या," तो म्हणाला.

तो आला. पुढचे दोन महिने मी त्या दोघांना ग्राइंडरपाशी पाहिलं. नजर फिरवायची नाही, मान फिरवायची. वस्तू उचलण्याआधी बोटाची मागची बाजू तिला लावून अंतर घ्यायचं. डावीकडून कोणी आलं की त्यानं आधी आवाज द्यायचा, हे डच्चूसाहेबांनी अख्ख्या शॉपला शिकवलं. सुखदेव चिडायचा, कधी हातातलं फेकून द्यायचा. ते उचलून परत त्याच्या हातात द्यायचे. परीक्षा मॅनेजरांनी स्वतः घेतली, आणि कडक घेतली. सुखदेव पास झाला. पुढे तो त्याच मशीनवर निवृत्त झाला, आणि मधल्या काळात त्याचा हातबित काही गेला नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात डच्चूसाहेब मला घेऊन तार ऑफिसात गेले. हॉलंडला फोन लावायचा होता. नंबर त्यांनी न बघता सांगितला. दुपारी जाऊन बाकावर बसलो. लाइन लागेना. ते उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. मॅनेजरांच्या बायकोला तोंडावर चहा वाईट आहे म्हणणारा माणूस पळून जायला निमित्त शोधत होता. एकदा म्हणाले, "जाऊ दे. म्हातारा झोपला असन." तिकडे तेव्हा दुपारही झालेली नव्हती.

उन्हं कलायला लागल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पुकारलं. ते काचेच्या खोलीत गेले. मला आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. त्यांनी आधी फक्त आपलं नाव सांगितलं. मग ते बोलायला लागले, भराभर, एका दमात, आणि बोलताना डोळे मिटून घेतले होते. थांबले. ऐकलं. एक शब्द बोलले. पुन्हा ऐकलं. मग लाइन तुटली की त्यांनी ठेवला ते मला कळलं नाही, पण फोन ठेवल्यावरही ते हात त्यावर तसाच ठेवून उभे होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

ते पायरीवर बसले. समोरून सायकली जात होत्या.

"मी सगळं सांगतलं," ते म्हणाले. "काडतूस, डोळा, सगळं. तो बोलेच ना. मले वाटलं ठेवला फोन. मग इचारून राहिला, कोणता डोळा."

"मग?"

"मी म्हटलं, डावा." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तर म्हणते, मग बरोबर आहे. उजवीकडे कसा खेळला असता तू."